घरात परवान्याची बंदूक आहे आणि बायकोला ती नको आहे, तर ठेवायची कशी

आमच्याकडे 12 बोरची एकनळी काडतुसाची बंदूक आहे, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. आधी बाबांच्या नावावर होती, आता माझ्या. देवगड तालुक्यात आमची थोडी कलमं आणि थोडी भातशेती, आणि माकडं नि रानडुकरं यांचा त्रास काय असतो ते ज्याची शेती आहे त्याला मी सांगायला नको. बाबांच्या काळात ती बंदूक माजघरात खुंटीला टांगलेली असायची, तिच्याच खाली आम्ही पोरं जेवायला बसायचो, कोणाला काही वाटायचं नाही. लग्न होऊन ही घरात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "अहो, ती खाली काढून कुठेतरी आत ठेवता येणार नाही का?" मी म्हटलं ठेवू, आणि माळ्यावर नेऊन ठेवली, आणि माझ्या मते विषय संपला.

तो संपला नव्हता. मुलगा चार वर्षांचा असताना एका संध्याकाळी ही स्वयंपाकघरातून बाहेर आली तर तो ओटीवर बसून काहीतरी लाल लाल जमिनीवर आडवं ठेवून गरागरा फिरवत होता. काडतूस. माझ्या पावसाळी जॅकेटच्या खिशात राहिलेलं, जॅकेट खुर्चीवर टाकलेलं. ती ओरडली नाही, त्याच्या हातातून ते हळूच काढून घेतलं, आत येऊन माझ्यासमोर टेबलावर उभं ठेवलं आणि म्हणाली आता ह्याचं काय ते ठरवा. ते पितळेचं बूड नि वरचं लाल प्लास्टिक, त्याच्यावर पोराच्या बिस्किटाचा चुरा चिकटलेला, ते मला अजून दिसतं.

त्यानंतर आम्ही सगळं बदललं, दोनतीन वेळा बदललं, चुकलो, परत केलं. गावातले, ओळखीतले बरेच जण मला विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, बायकोला पटवायचं कसं. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि ते शोधूही नका असं माझं स्पष्ट मत आहे. जिला ती वस्तू नको आहे ती त्याच घरात चोवीस तास राहते, तिच्या पोरांसकट राहते, तिचं नको म्हणणं हा सुरक्षेचाच भाग आहे. ती जिथे बोट ठेवते तिथे बहुतेक वेळा खरोखरच भोक असतं.

तर सगळ्यात आधी शांतपणे विचारा की भीती नक्की कशाची वाटते. भीतीभीतीत फरक असतो आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा. पोरं हात लावतील ही एक. चोरी होईल, मग पोलीस दारात येतील ही दुसरी. नवरा पितो, किंवा तापट आहे, ही तिसरी, आणि ही बायका सहसा तोंडाने बोलत नाहीत. घरात कोणी मनाने खचलेलं आहे ही चौथी. आणि काही जणींना नुसती ती वस्तूच घरात नको असते, कारण विचारू नका, तेही कारण पुरेसं आहे.

मला वाटत होतं हिची भीती पोराची आहे. कपाट केलं, कुलूप लावलं, तरी ती गप्पच. मग बऱ्याच महिन्यांनी एकदा दिवे गेलेले, पडवीत बसलो होतो, तेव्हा तिने सांगितलं. ती लहान असताना सुट्टीत मामाकडे गेली होती, मामामामींचं कशावरून तरी भांडण झालं आणि मामाने भिंतीवरची बंदूक नुसती खाली काढून मांडीवर घेतली. बार नाही झाला, काही नाही झालं, थोड्या वेळाने परत टांगली. "पण मामी त्या दिवसापासून त्या घरात कधी मोठ्याने बोलली नाही," असं म्हणाली. म्हणजे हिची भीती पोराची कमी आणि माझीच जास्त होती, मी कधी हात उगारलेला नसताना सुद्धा. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू, पण ते कळल्यावरच आम्हाला खरा उपाय सापडला, तो पुढे सांगतो.

आधी काय करायचं नाही ते. लपवायची नाही. माळ्यावर गोणपाटात, भाताच्या कणगीत, पलंगाच्या कप्प्यात, "विकली" असं खोटं सांगून दुसऱ्या खोलीत, हे सगळं लोक करतात. बायकोपासून लपवलेली बंदूक पोराला सापडते, कारण पोरं घराचा कोपरान् कोपरा हुडकतात आणि आई मात्र निर्धास्त असते की घरात काही नाहीच. शिवाय ज्या दिवशी तिला कळेल त्या दिवसानंतर तुमच्या कुठल्याच कुलपावर तिचा विश्वास राहणार नाही.

दुसरं, भावाकडे, मित्राकडे, सासऱ्यांकडे ठेवायला द्यायची नाही. हे तर फारच जण करतात, "बायकोची कटकट नको म्हणून चुलत भावाकडे ठेवलीय" असं सहज सांगतात. परवाना माणसाच्या नावावर असतो, कुटुंबाच्या नाही. ज्याच्या नावावर परवाना नाही आणि ज्याची परवान्यावर नोंद नाही त्याच्याकडे तुमची बंदूक सापडली तर त्याने विनापरवाना हत्यार बाळगलं असा अर्थ होतो, आणि शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला 2 ते 5 वर्षांपर्यंत कैद आहे. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये सवलत आहे ती एवढीच की तुमच्या समोर, किंवा तुमच्या लेखी परवानगीने दुरुस्तीसाठी नाही तर परवाना नूतनीकरणासाठी वगैरे दुसऱ्याने ती नेली तर चालतं. कायमची ठेवायला नाही. भावाचं भलं करायला जाऊन त्याला अडकवू नका.

बँकेच्या लॉकरमध्येही नाही. लॉकरच्या करारनाम्यात शस्त्र ठेवायला मनाई असते, सही करताना कोण वाचत नाही ती गोष्ट वेगळी. गाडीच्या डिकीत नाही. आणि शेतातल्या मांगरात तर अजिबात नाही, मांगराचं कुलूप दगडाने तुटतं आणि चोरीची बंदूक पुढे कुठे कशासाठी वापरली जाईल याचा विचार रात्री झोपू देणार नाही.

आता घरातच ठेवायची ठरली, म्हणजे दोघांनी मिळून ठरली, तर कशी ते.

पहिली गोष्ट कपाट. कपड्याच्या गोदरेजात साड्यांच्या मागे उभी करणं म्हणजे ठेवणं नाही. आमच्याकडे फॅब्रिकेटरकडून जाड पत्र्याचं अरुंद उभं कपाट बनवून घेतलं, आत दोन कप्पे, दोन्हींना वेगळी कुलपं, बिजागऱ्या आतल्या बाजूला म्हणजे बाहेरून पिना ठोकून काढता येत नाहीत. कपाट भिंतीला बोल्टने पक्कं करायचं, नाही तर दोन माणसं ते उचलून टेम्पोत घालून नेतील. आता कोकणातल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं, जांभ्याच्या चिऱ्यात फास्टनर धरत नाही, चिरा भुगा होतो, आमचे पहिले चार बोल्ट मी हाताने ओढले तर बाहेर आले. मग गवंड्याने तिथला अर्धा चिरा काढून काँक्रीट भरलं, बोल्ट त्यातच बसवले आणि चांगले आठ दिवस पाणी मारलं, तेव्हा ते हललं नाही. घरात आरसीसी कॉलम असेल तर सरळ त्यालाच लावा. खोली शक्यतो आतली, खिडकीतून कपाट दिसता कामा नये, आणि सुताराला, गवंड्याला आत काय ठेवणार ते सांगायची काही गरज नसते.

दुसरी गोष्ट, बंदूक जोडलेल्या अवस्थेत ठेवू नका. काडतुसाची मोडती बंदूक तीन भागात निघते, नळीखालचा पुढचा लाकडी तुकडा काढला, खिटी दाबून मोडली की नळी दस्त्यापासून सुटी होते, मिनिटाचं काम आहे. आम्ही नळी वरच्या कप्प्यात आणि दस्ता खालच्यात ठेवतो. ज्या दिवशी मी हिला उघडून दाखवलं की बघ, इथे आहे तो नुसता लाकडाचा नि लोखंडाचा तुकडा आहे, यातून काही उडू शकत नाही, त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा सैलपणा आला. तिने हात लावावा असा आग्रह मी केला नाही, तुम्हीही करू नका. "घे, बघ, काही होत नाही" असं म्हणून हातात कोंबणारे नवरे मी पाहिलेत, त्याने भीती वाढते.

काडतुसं तिसऱ्या जागी, वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात, आणि मोजून. किती काडतुसं एका वेळी बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, त्याच्या आत राहायचंच, पण मी म्हणतो लागतील तेवढीच ठेवा, शेतीवाल्याला डझनभर पुरतात. शेतावरून आलं की चपला काढायच्या आधी खिसे उलटे करून दाखवायचे, आमच्याकडे हा नियमच आहे, जॅकेटच्या त्या खिशापासून आलेला. जुनी, फुगलेली, न उडालेली काडतुसं चुलीत, विहिरीत, उकिरड्यात टाकू नका, परवानाधारक दुकानदाराकडे नाही तर ठाण्यात नेऊन द्या. रिकामी टरफलंही फेकू नका, ती काही ठिकाणी हिशेबाला मागतात आणि पोरांना ती खेळायला मिळाली की भरलेली नि रिकामी यातला फरक त्यांना कोण शिकवणार.

आणि रिकामी आहे हे प्रत्येक वेळी बघायचं. मोडायची, नळीतून उजेड बघायचा, वर चेंबरमध्ये बोट घालून बघायचं, तोंड कायम बांधाकडे किंवा जमिनीकडे. मीच ठेवलीय, मला माहितीय, असं म्हणायचं नाही. ज्यांच्याकडे ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू नि छरे ठासून भरायची बंदूक आहे त्यांनी इथे दुप्पट काळजी घ्या कारण ती मोडून बघता येत नाही, आणि आपल्याकडे जुन्या घरात बार भरून टांगून ठेवायची सवयच होती. तिचा गज रिकाम्या नळीत पूर्ण खाली सोडायचा आणि तोंडाशी जिथे येतो तिथे गजावर चिकटपट्टीची खूण करून ठेवायची. नंतर कधीही गज सोडला आणि खूण तोंडाच्या वर राहिली तर आत दारू नि छरे आहेत. मग स्वतः उकरत बसू नका, घोड्याखाली केप, म्हणजे बार पेटवणारी छोटी टोपी, नाही ना ते बघा आणि दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडे न्या. दारू नि केपा बंदुकीजवळ ठेवायच्या नाहीत, चुलीच्या खोलीत तर नाहीच नाही.

आता तो उपाय. आमच्या कपाटाच्या बाहेरच्या दाराला दोन कुलपं आहेत, एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची हिच्याकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. परवाना माझा आहे म्हणून माझ्या किल्लीशिवाय ते उघडता कामा नये, तिच्या एकटीच्या किल्लीने काहीही उघडत नाही, आणि माझ्या एकट्याच्याही नाही. आतल्या कप्प्यांच्या आणि काडतुसाच्या पेटीच्या किल्ल्या माझ्याकडेच. तिची किल्ली ती कुठे ठेवते ते मला माहीत नाही आणि मी आजवर विचारलेलं नाही. म्हणजे मी कितीही रागात असलो तरी मला आधी तिच्याकडे जाऊन किल्ली मागावी लागेल आणि ती नाही म्हणू शकते. तिच्या मामीकडे हे नव्हतं. हे झाल्यावर "एक तर ती नाही तर मी" हे वाक्य आमच्या घरात परत आलं नाही. लोक मला म्हणतात रात्री दोन वाजता डुक्कर शिरलं तर बायकोला उठवणार काय, तर होय, उठवतो, आणि कधी कधी ती म्हणते जाऊ दे हो, पत्र्याचा डबा वाजवा, बॅटरी मारा, आणि बहुतेक वेळा तेवढ्यानेही काम होतं. मागच्या तीन वर्षांत झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेतून विजेचा झटका देणारं यंत्र, लावल्यापासून तर बंदूक काढायची वेळच कमी आली आहे, बंदुकीवर खर्च करायच्या आधी कुंपणावर करा असं मी आता उघड सांगतो.

किल्ल्या देव्हाऱ्यात, दारामागच्या खिळ्याला, टीव्हीच्या खाली ठेवू नका, त्या जागा पोरांना पाठ असतात. जादा किल्ल्या मात्र बँकेच्या लॉकरमध्ये चालतात. नंबरचं इलेक्ट्रॉनिक लॉक घेणार असाल तर नंबर मुलाची जन्मतारीख नको, आणि पावसाळ्यात सेल उतरतात ते लक्षात ठेवा.

पावसाळ्याचं थोडं सांगतो, कारण गंज ही आपल्याकडची मोठी भानगड आहे. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या कव्हरात घालून ठेवली की आतल्या आत दमट राहून नळीवर तांबूस ठिपके येतात. कव्हर फक्त नेण्याआणण्यासाठी. ठेवताना उघडीच, हात लागला तिथला घाम पुसून, जुन्या धोतराच्या चिंधीने बंदुकीच्या नाही तर शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात, जास्त तेल नको, ते ओघळून लाकडात मुरतं. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या, त्या महिन्यादोन महिन्यांनी बदलायच्या किंवा वाळवायच्या. हे काम मी पोरांच्या समोर करत नाही.

आता दुसरा रस्ता, घराबाहेर ठेवायची. बायको म्हणाली घरात नकोच, तर हा रस्ता पूर्ण कायदेशीर आहे आणि लोकांना वाटतो तितका अवघड नाही. सुरक्षित ताब्यात ठेवून घेण्याचा परवाना असलेले शस्त्रविक्रेते बंदूक भाडं घेऊन ठेवतात, जिल्ह्याच्या गावी किंवा कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे असे दुकानदार असतात. आधी फोन करून विचारा ठेवून घेता का, भाडं महिन्याचं की वर्षाचं. जाताना बंदूक रिकामी, सुटी करून कव्हरात, काडतुसं वेगळी, मूळ परवाना बरोबर, आणि शक्यतो स्वतःच्या गाडीने. तिथे रजिस्टरात नोंद होते आणि पावती मिळते, त्या पावतीवर बंदुकीचा प्रकार, नंबर, काडतुसांची संख्या आणि तारीख नीट आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. निघायच्या आधी मोबाईलवर नंबराचे, नळीचे, दस्त्याचे फोटो काढून ठेवा. मग पावतीची प्रत जोडून आपल्या पोलीस ठाण्याला आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला, म्हणजे जिल्हाधिकारी नाही तर पोलीस आयुक्त, साध्या कागदावर कळवा की माझं हत्यार अमुक तारखेपासून अमुक ठिकाणी जमा आहे, आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. ही पोच उद्या कामाला येते.

पोलीस ठाण्यातही जमा करता येते. निवडणुकीच्या आचारसंहितेत आपण करतोच की, म्हणजे ज्यांना नोटीस येते ते, कारण सरसकट सगळ्यांची जमा करून न घेता छाननी समितीने एकेकाचं बघून ठरवायचं असं हायकोर्टाने सांगितलेलं आहे. पण ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर तयारीने द्या. एका ठाण्यातून मी परत आणली तेव्हा नळीत आतून लाल भुकटी होती, गजाला कापड लावून फिरवलं तर कापड विटकरी झालं. त्यांच्याकडे कोण तेल लावत बसणार. म्हणून देताना नळीला आतून बाहेरून ग्रीसचा जाड हात द्या, आणि परत घेतल्यावर ग्रीस पूर्ण काढल्याशिवाय वापरू नका, नळीत काही राहिलं तर फुटते.

जमा आहे म्हणून परवाना नूतनीकरण विसरायचं नाही, ही चूक भरपूर लोक करतात. 2019 च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत 3 वरून 5 वर्षं झालीय, त्यामुळे तारीख डोक्यातून जाते. मुदत संपली की तुमची बंदूक तुमच्या ताब्यात यायचा हक्कच राहत नाही. मोबाईलमध्ये चार महिने आधीचा रिमाइंडर लावा, आणि यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा ओळख क्रमांक, परवान्यावर आहे ना तेही तपासा.

आमच्या एका नातेवाइकांनी मधला मार्ग काढलाय तोही चांगला आहे. भात पिकायच्या दिवसांत आणि आंबाकाजूच्या हंगामात बंदूक घरी, बाकीचे महिने दुकानदाराकडे. काढतानाची नि ठेवतानाची नोंद प्रत्येक वेळी करावी लागते, भाडं नि पेट्रोल जातं, पण वहिनी म्हणतात निदान मे महिन्यात नातवंडं येतात तेव्हा ती घरात नसते, आंबा संपत आला की लगेच नेऊन देतात. मला हे फार पटलं.

आणि तिसरा रस्ता, सोडून देणं. ज्यांची शेती आता कोणी करत नाही, मुलं मुंबईपुण्याला, बंदूक फक्त "आजोबांची आठवण" म्हणून आहे, त्यांनी खरंच विचार करा. परवानाधारक दुकानदाराला विकता येते, किंवा दुसऱ्या परवानाधारकाला. स्वतः दुसऱ्या माणसाला विकायची तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं, आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर तशी मंजुरी पाहिजे. नाही तर सरळ ठाण्यात जमा करून परवाना रद्द करून घ्या. आठवणच हवी असेल तर वडिलांचा बंदुकीसोबतचा फोटो फ्रेम करा. ज्यांच्याकडे वारसाने दोन आल्यात त्यांनी निदान एक कमी करून सुरुवात करावी, तसंही 2019 नंतर एका माणसाला 3 ऐवजी 2 चीच मर्यादा आहे.

आता एक असं सांगतो जिथे चर्चा करायचीच नाही. घरात कोणीही, तुम्ही स्वतः, बायको, वडील, वयात आलेला मुलगा, मनाने खचलेलं आहे, जगण्यात अर्थ नाही असं बोलतंय, कर्ज किंवा पीक बुडाल्याने गप्प गप्प झालंय, तर दोन कुलपं पुरे, असं म्हणून बसू नका. त्याच दिवशी बंदूक बाहेर. ती वाईट वेळ बरेचदा काही तासांची असते आणि त्या तासांत हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. घरात रोजची दारू असेल तरी तेच, बाहेर. मला स्वतःला बाबा गेल्यानंतरचे तीनचार महिने बरे नव्हते, झोप नव्हती, तेव्हा मीच हिला म्हटलं की चल, ठेवून येऊ, आणि दोघं जाऊन ठेवून आलो, वर्षाने परत आणली. त्यात कमीपणा वाटायचं काही कारण नव्हतं, तेव्हाही वाटला नाही.

आणि हे वाचणारी एखादी ताई असेल आणि तुझा नवरा भांडणात बंदुकीचं नाव काढत असेल, नुसतं "काढू का ती" एवढंच म्हणत असेल, तर हा लेख तुझ्यासाठी कुलपांचा नाही. ती धमकीच आहे. तू स्वतः बंदुकीला हात लावू नकोस, लपवू नकोस, नाही तर उलट तुझ्यावरच येईल. लगेच धोका असेल तर 112, नाही तर महिलांसाठी 181 आहे, ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज दे की परवानाधारकाकडून जिवाला धोका आहे. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्यांना आहे, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली कोर्टाकडून संरक्षणाचा आदेशही मागता येतो. आधी माहेरी किंवा कोणाकडे तरी जा, मग अर्ज दे.

एक गोष्ट जवळपास कोणीच सांगत नाही ती सांगून थांबतो. उद्या तुम्ही गेलात तर जिला ती बंदूक कधीच नको होती तिच्याच गळ्यात ती पडते, तिच्याकडे परवाना नाही, आणि तेराव्याच्या गडबडीत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून परवाना, पावत्या, कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत आणि कोणत्या ठाण्याला फोन करायचा हे एका कागदावर लिहून तिच्याकडे द्या. तिने हात लावायचा नाही, ठाण्यात कळवायचं, त्यांच्याकडे लवकरात लवकर जमा करून पावती घ्यायची, पुढे वारसांपैकी कोणाला परवाना घ्यायचा असेल तर तो नंतर अर्ज करेल. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा हत्यार 25 वर्षं जवळ असलं तर हयातीतच वारसाच्या नावावर करायची सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे, बाबांनी तसंच केलं आणि माझ्या आईला त्यांच्यामागे एकही फेरी मारावी लागली नाही. आमचा तो कागद लॉकरमध्ये जादा किल्ल्यांच्या पाकिटात आहे, लॉकर दोघांच्या नावावर आहे, आणि त्याची दुसरी प्रत हिने तिच्या साडीच्या कपाटात ठेवलीय, तिच्या अक्षरात, वर तिनेच लिहिलंय "आधी ठाण्यात फोन".